ताई, जरा विचारायचं होतं : सही करायच्या आधी

ताई, माझं माहेर निफाड तालुक्यातलं. मागच्या वर्षी वडील गेले. सहा एकर आहे, निम्म्यात द्राक्षबाग. भाऊ म्हणतो दिवाळीच्या आत हक्कसोड करून द्या, बँकेचं काम अडलंय. आम्ही दोघी बहिणी. आई म्हणते, लेकीनं हिस्सा घेतला की माहेर तुटलं. नवरा म्हणतो तुझं तू बघ. मला जमीन हवीच आहे असं नाही, पण सही करायला हात धजत नाही. काय करू? – निफाडची लेक

हात धजत नाही ना, मग आत्ता करूच नकोस. दिवाळी दरवर्षी येते, रजिस्टर झालेलं हक्कसोड मात्र नुसतं मन बदललं म्हणून रद्द होत नाही. मग कोर्टात जाऊन फसवणूक नाहीतर जबरदस्ती झाली हे सिद्ध करत बसावं लागतं, आणि सख्ख्या भावाविरुद्ध ते कोण करणार.

रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर मी हे कितीदा बघितलंय. बहिणींना सकाळी गाडी पाठवून आणलेलं असतं, एरवी यष्टीनं ये म्हणणारे त्या दिवशी दारात गाडी लावतात. चांगली साडी, वहिनी गोड बोलतेय, वकिलाचा माणूस कागद पुढे सरकवतो, 'इथं, इथं, अन् इथं.' वाचायला कुणी देत नाही आणि द्या म्हणायची हिंमत होत नाही कारण मागे चार जण खोळंबलेत. मग मशीनवर अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, काम खल्लास, आणि सगळे मिळून मिसळ खायला. एका मावशींनी फोटोच्या आधी पदर नीट केला, केस सारखे केले, लग्नघरी आल्यासारखं, आणि बाहेर आल्यावर हळूच विचारलं की हे नक्की कशाचं होतं गं.

आता कायद्याचं. जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानंच वाटेकरी, मुलासारखीच. वडील तेव्हा हयात पाहिजेत का यावर बरीच वर्षं घोळ चालला होता, तो सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये संपवला, तशी अट नाही म्हणून. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी, ते कागद बघ. आणि जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल, मृत्युपत्र केलेलं नसेल, तर 1956 च्या कायद्यापासूनच बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा हिस्सा आहे. म्हणजे भाऊ तुला काही 'देत' नाहीये, तो तुझ्याकडून मागतोय. हे एकदा डोक्यात बसलं की बोलताना आवाज आपोआप बदलतो.

आणि तुझ्या आईचं काय? पत्रात आई फक्त तुला समजावताना दिसते, पण हिस्सा तिचाही आहे, आणि सगळ्या सह्या झाल्यावर उद्या सुनेशी पटलं नाही तर ती कुठं जाणार हे घरात कुणी विचारलंय का. तर आधी वारसनोंद सगळ्यांच्या नावानं लागू दे, आईसकट. तलाठ्याकडून फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची नोटीस येते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ती नोटीस भावाच्या पत्त्यावर जाऊन तिथंच कपाटात पडणार नाही एवढं बघ. बँकेचं काम खरंच अडलंय का ते भावाबरोबर स्वतः बँकेत जाऊन विचार, सगळ्या वारसांच्या संमतीवर होतंय का म्हणून. वकिलाचा खर्च नको असेल तर नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथं मोफत सल्ला मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत.

एवढं सगळं करून शेवटी तू हिस्सा सोडलास तरी माझं काही म्हणणं नाही. समजून उमजून सोडलेलं आणि पदर सारखा करता करता गेलेलं यात फरक आहे. आणि साडीचोळीवर टिकणारं माहेर सहीनं तुटत असेल तर ते आधीच कितपत धड होतं, असो.

मी सिडकोत राहते, कविता करते, सासूसुनेवर, घरातल्या गोष्टींवर. एका दिवाळी अंकानं मागितल्यात. घरी कळलं तर तमाशा होईल. टोपणनावानं दिल्या तर ते भित्रेपणाचं होईल का?

अजिबात नाही, तू तर मोठ्या रांगेत उभी आहेस. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, खटला सुरू असताना 1885 मध्ये त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या नावानं टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं लिहिली. पुढे कोर्ट म्हणालं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग, तर बाई म्हणाल्या तुरुंग चालेल. आता यांना भित्रं म्हणणार का? मग 1933 मध्ये विभावरी शिरूरकर नावानं 'कळ्यांचे निःश्वास' आलं, शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं उघड लिहिलेलं, नुसता गदारोळ. ही बाई कोण याचे तर्क चालले, आणि बाई (मालतीबाई बेडेकर) आपल्या जागी गप्प बसून पुढचं लिहीत होत्या. फलटणच्या बेबीताई कांबळे तर किराणा दुकानात बसून रद्दीच्या कागदांवर लिहायच्या आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून वीसेक वर्षं ते लपवून ठेवलं. त्याचं 'जिणं आमुचं' झालं, 1986 मध्ये.

मला विचारशील तर टोपणनाव घे, पण कविता मऊ करू नकोस. पुष्कळ जणी उलटं करतात, नाव खरं लावतात आणि कवितेतल्या सासूची आई करून टाकतात, मग वाचणारा म्हणतो छान छान. नाव काय, कधीही परत लावता येतं, हे काही वरच्या पत्रातलं हक्कसोड नाही. फक्त संपादकांना खरं नाव कळव, आणि मूळ वही दिनांकासकट जपून ठेव, मानधनही स्वतःच्याच खात्यात घे, कितीही किरकोळ असलं तरी.

आमची गंगापूर रोडला भिशी आहे, दहाबारा जणी. आता साड्यांऐवजी पुस्तकांवर बोलायचं ठरवलंय, बायकांनी लिहिलेलीच. पण रडकं काही नको हो!

साड्यांवरही बोला, कुणी अडवलंय! सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांपासून करा, तुमच्याच रस्त्यावरच्या आहेत त्या, गंगापूरजवळच्या जलालपूरला जन्म, 1868 चा. वडिलांच्या सोवळ्याचं वेड, लहानपणी लग्न, नवरा लहरी, त्यात 1895 मध्ये तो ख्रिस्ती झाला आणि सगळी उलथापालथ. रडायला केवढं मटेरियल होतं बघा! पण 'स्मृतिचित्रे' वाचताना तुम्ही हसत सुटाल, आणि हसता हसता लक्षात येईल की शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईनं बापाला, नवऱ्याला, स्वतःला, कुणालाच सोडलेलं नाही. मग शांताबाई दाणींचं 'रात्रंदिन आम्हा' घ्या, नाशिकच्याच, दलित चळवळीत उभं आयुष्य घातलेल्या. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा, त्यात बायकाही उतरल्या होत्या, आणि आपण दर्शनाला जातो तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही नसतं. दोन्ही पुस्तकं सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, 1840 पासूनचं वाचनालय आहे ते, नाहीतर दहा जणींत दोन प्रती विकत घेऊन फिरवा.

मी सातपूरला कंपनीत आहे. बायको हे सदर मोठ्यानं वाचून दाखवते. पुरुषांनी काय वाचावं? जाड पुस्तक नको.

ताराबाई शिंदे, 'स्त्री-पुरुष तुलना', 1882. जाड अजिबात नाही. सुरतेला एका विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, पेपरवाले उठून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर घसरले, तेव्हा बुलढाण्याच्या या बाई भडकल्या आणि जे दोष बायकांना चिकटवता ते तुमच्यात नाहीत का म्हणून एकेक घेऊन धू धू धुतलं. तेव्हा टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना त्यांच्या बाजूनं लिहावं लागलं. या वेळी तुम्ही मोठ्यानं वाचा, बायकोला ऐकू दे. आणि कुठल्या पानावर राग आला ते मला कळवा, न आल्यास तेही.