मूळ अ‍ॅम्प घ्यावा की पुनर्निर्मित?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो आणि हौसेने ब्लूज गिटार वाजवतो. १९६५ सालचा मूळ फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र) घ्यावा की त्याच नमुन्यावर कंपनीने पुन्हा काढलेला? दोन वर्षांनी पुण्यास परतण्याचा विचार आहे.

उत्तर : संग्रहासाठी नव्हे, वाजवण्यासाठी हवा असेल, तर पुनर्निर्मित अ‍ॅम्पच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही मूळच्याप्रमाणेच ६व्ही६ जातीच्या दोन पॉवर ट्यूब (आवाजाला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या), सुमारे २२ वॅटची ताकद आणि १२ इंची स्पीकर आहे. फरक आहे तो बांधणीचा, कारण मूळ अ‍ॅम्पमधील जोडण्या हाताने डाग देऊन केलेल्या असत, तर नव्यात छापील सर्किट बोर्ड आहे आणि त्याची दुरुस्ती अधिक किचकट होते, हे मान्य केले पाहिजे.

मात्र मूळ अ‍ॅम्पमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) साठ वर्षांत वाळतात. ते बदललेले नसतील, तर तार छेडण्याआधीच स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येऊ लागतो. मूळची दोन पिनांची विजेची केबल तशीच असेल, तर बोटे तारांवर असताना ओठ मायक्रोफोनला लागताच झटका बसू शकतो; तिथे अर्थिंगची तीन पिनांची केबल बसवावीच लागते.

अमेरिकेतील अ‍ॅम्प १२० व्होल्टांचा असल्याने तो पुण्यात २३० व्होल्टांवर थेट लावू नये, पुरेशा क्षमतेचा, व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरावा. अ‍ॅम्प स्वतः उघडू नये : प्लग काढल्यानंतरही आत ४०० व्होल्टांच्या आसपास दाब साठलेला असू शकतो.