ध्रुवीय प्रकाशाचे फोटो का बिघडतात?

प्रश्न : फेब्रुवारीत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला ध्रुवीय प्रकाश पाहिला. ट्रायपॉडवर ३० सेकंदांचं एक्स्पोजर देऊनही फोटो बिघडले. तारे बिंदूंऐवजी फुगीर ठिपके झाले, प्रकाशाच्या झालरींचा नुसता हिरवा ढग उमटला, आणि काही फोटोंच्या मधोमध एकात एक वर्तुळं आली. लेन्स खराब आहे का?

उत्तर : लेन्सला दोष देऊ नका. वर्तुळं तुमच्या यूव्ही फिल्टरची, म्हणजे लेन्सपुढे लावलेल्या जादा काचेची आहेत. या प्रकाशातला हिरवा रंग ऑक्सिजनचा, जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा. असा एकरंगी प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेत पुढे-मागे परावर्तित झाला की कडी उमटतात. नंतर संगणकावर ती पुसणं फार जिकिरीचं, म्हणून फिल्टर आधीच काढून ठेवा.

ताऱ्यांचे ठिपके फोकसमुळे झाले. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, आणि लेन्सवरच्या अनंताच्या (∞, फार दूरच्या वस्तूंसाठीच्या) खुणेवरही विसंबता येत नाही. बऱ्याच लेन्सची रिंग तिच्या पुढेही फिरते. मॅन्युअल फोकसवर या, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट चित्रात) एखादा ठळक तारा मोठा करून बघा आणि तो सगळ्यात बारीक दिसेल तिथे रिंग थांबवून चिकटपट्टी लावा. गारठ्यात फोकस सरकतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघा.

झालरी मात्र ३० सेकंदांनी घालवल्या. एवढ्या वेळात त्या आकाशात कुठल्या कुठे जातात. एफ/२.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० वर, शांत फिकट कमान असेल तर १० सेकंद ठीक. झालरी हलू लागल्या की २ ते ४ सेकंदच. चांदणं असेल तर बर्फ खूप उजळतो, मग आयएसओ १६०० किंवा ८०० करा. उजेड हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावर तपासा. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीनवरचा फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. फोटो रॉमध्येच (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा. ट्रायपॉडचे पाय भुसभुशीत बर्फावर नुसते टेकवू नका, टणक थर लागेपर्यंत दाबा.

प्रश्न : हॉटेलात परतल्यावर कॅमेऱ्याला घाम फुटला. काय करायला हवं होतं?

उत्तर : कार्ड बाहेरच काढून घ्यायचं, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा, आणि मगच आत शिरायचं. दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. दोनेक तास पिशवी उघडू नका. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. गारठून बंद पडलेली बॅटरी ऊब मिळाली की बहुधा थोडा वेळ पुन्हा चालते. लेन्स पुसायला तोंडाची वाफ अजिबात मारू नका, तिचा जागेवरच बर्फ होतो.

प्रश्न : केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ ० ते ९ अंकांत सांगणारा) २ असेल तर बाहेर पडावं का?

उत्तर : ट्रॉम्सोत जरूर. हे गाव ६९.६ अंश उत्तरेला, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच आहे. तिथे खरा अडसर ढगांचा, म्हणून आधी ढगांचा अंदाज बघा. किनाऱ्यावर आभाळ भरलेलं असलं तरी फिनलंडच्या सीमेकडे पुष्कळदा निरभ्र मिळतं. स्वीडनमधल्या अबिस्कोला पश्चिमेकडचे डोंगर ढग अडवतात, त्यामुळे तिथे संधी जास्त.