काकांच्या डावांचे काय करावे?

प्रश्न : माझे काका फोर्टमधील एका बँकेत नोकरीला होते आणि निवृत्तीपर्यंत आंतरबँक तसेच दादर-गिरगावातील खुल्या बुद्धिबळ स्पर्धांत हौसेने खेळत असत. त्यांच्या पश्चात कपाटात डावांच्या नोंदींचे सुटे कागद आणि काही वह्या सापडल्या. काही ठिकाणी ‘प्या-रा४’ असे लिहिले आहे, तर काही ठिकाणी ‘ई४’. त्यांचे निवडक विजय एकत्र करून स्नेह्यांना व बुद्धिबळप्रेमींना द्यावेत, असा विचार आहे. सुरुवात कशी करावी? त्यासाठी कोणाची परवानगी लागते का?
— एक वाचक, माहीम

उत्तर : आपला विचार स्तुत्य आहे, मात्र ‘निवडक विजय’ हे बंधन कृपया काढून टाकावे. नामवंत खेळाडूंचे डाव संगणकीय संग्रहांत जपले जातात, पण आंतरबँक स्पर्धेतील एखाद्या फेरीचा डाव बहुधा त्या कागदाखेरीज कोठेही उरलेला नसतो. काका हरले त्या डावात प्रतिस्पर्ध्याचा आयुष्यातील सर्वोत्तम खेळ नोंदलेला असू शकतो, आणि त्याच्या घरच्यांकडे कदाचित तेवढीही आठवण नसेल. म्हणून जिंकलेले, हरलेले, बरोबरीत सुटलेले आणि अर्धवट नोंदलेले असे सर्व डाव घ्यावेत.

प्रथम प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे. मुंबईच्या दमट हवेत कार्बन प्रतीवरील अक्षरे आणखी पुसट होण्याआधी हे व्हायला हवे. मूळ कागदांना लॅमिनेशन मुळीच करू नये.

वाचनात खरी कसोटी ‘प्या-रा४’ या जुन्या पद्धतीची आहे. तीत सोंगट्या आद्याक्षरांनी लिहितात (प्या म्हणजे प्यादे, रा राजा, व वजीर, घो घोडा, राउं राजाच्या बाजूचा उंट), पटावरील उभ्या रांगेला आरंभी तेथे असलेल्या सोंगटीचे नाव देतात आणि प्रत्येक खेळाडू घरे आपल्या बाजूने मोजतो; आजच्या ‘ई४’ पद्धतीत मात्र प्रत्येक घराला दोघांसाठी एकच नाव असते. त्यामुळे पांढऱ्याचे ‘प्या-रा४’ म्हणजे आजचे ई४, तर काळ्याचे तेच ‘प्या-रा४’ म्हणजे ई५. पांढऱ्याचे ‘घो-राउं३’ म्हणजे घोडा एफ३ वर, आणि काळ्याचे म्हणजे एफ६ वर. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९८१पासून ही पद्धत मानणे थांबवले, तरी जुन्या खेळाडूंचा हात एकदम वळला नाही. त्यामुळे काकांच्या कागदांत दोन्ही पद्धती दिसतात यात नवल नाही. ‘घो-व२’ असे लिहिले असेल आणि दोन्ही घोडे त्या घरी जाऊ शकत असतील, तर दोन्ही शक्यता प्रत्यक्ष पटावर मांडून डाव पुढे खेळून पाहावा. चुकीची शक्यता बहुतेक वेळा पुढे एखाद्या अशक्य चालीपाशी येऊन अडते. तरीही उलगडा झाला नाही, तर तेथे तशी टीप द्यावी, पण पदरची चाल घालू नये. संगणकाने सुचवलेली अधिक चांगली चाल तर मूळ डावात कधीच मिसळू नये. अखेरच्या चाली गायब असतील, तर त्यामागे नियमही असू शकतो: घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला आणि दर चालीला किमान तीस सेकंदांची भर मिळत नसेल, तर चाली लिहिण्याचे बंधन राहत नाही. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याची प्रत उपयोगी पडते. काकांच्या समवयस्क सहकाऱ्यांना यासाठी लवकर गाठावे. वह्या थांबतील, पण ती मंडळी आता वयस्क असतील.

डाव साठवण्यासाठी ‘पीजीएन’ ही साध्या मजकुराची पद्धत घ्यावी. स्टीव्हन एडवर्ड्‌स यांनी १९९३मध्ये ती तयार केली आणि बुद्धिबळाची जवळजवळ सर्व सॉफ्टवेअर ती वाचतात. तीत स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, दोन्ही खेळाडू आणि निकाल अशा सात नोंदी अपेक्षित असतात; तारीख ठाऊक नसेल तर आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हे आणि निकाल अज्ञात असेल तर तारका घालण्याची सोय आहे. अंदाजाने वर्ष लिहिण्यापेक्षा ते शतपटीने बरे. पुढे ‘लिचेस’ या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मोफत ‘स्टडी’, म्हणजे डावांचा संग्रह, तयार करता येईल; एका स्टडीत ६४ प्रकरणे मावतात आणि कोणालाही दुवा पाठवून डाव चालीगणिक दाखवता येतो. ज्येष्ठ मंडळींसाठी मात्र पटाच्या चार-सहा आकृत्यांसह छापील पुस्तिका काढावी.

परवानगीविषयी : नुसत्या चाली पुनर्मुद्रित करण्यासाठी खेळाडूची परवानगी घेण्याची प्रथा बुद्धिबळात नाही. फिडेच्या नियमांनुसार नोंदपत्रक आयोजकाच्या मालकीचे असते, पण खेळाडूकडे राहिलेल्या प्रतीवरून डाव प्रसिद्ध करणे सर्रास चालते. भाष्याची गोष्ट वेगळी आहे. कोणी वृत्तपत्रात त्या डावावर लिहिलेले विवेचन हे लेखन ठरते, आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्यावर हक्क राहतो. तेव्हा ते उचलण्याआधी विचारावे. काकांच्या स्वतःच्या टिपांसाठी त्यांच्या वारसांची संमती घ्यावी आणि त्या टिपा भाषा न सुधारता जशाच्या तशा द्याव्यात. आपण किंवा संगणकाने केलेले विश्लेषण त्यांच्यापासून वेगळे ओळखू यावे, यासाठी प्रत्येक टिपेपुढे ती कोणाची हे लिहावे.