सहा महिने पथ्य करू की गोळ्या सुरू करू?

प्रश्न : माझे वय ३१ आहे. लग्नाला चार वर्षे झाली असून गेले १४ महिने आम्ही बाळासाठी प्रयत्न करीत आहोत. नोकरी हिंजवडीला, घर सिंहगड रस्त्यावर, सासू-सासरे सोबत, आहार शाकाहारी. पाळी पूर्वीपासून ४०-५० दिवसांनी येते. डॉक्टरांनी पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असल्याचे सांगून मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा परिणाम सुधारणारी गोळी) दिले आणि पुढे बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल देऊ असे सांगितले. त्याच सुमारास एका ऑनलाइन आहार सल्लागाराने गहू, भात, दूध, दही आणि गोळ्या असे सगळेच बंद करायला लावले. सहा महिन्यांत शरीर आपोआप सुधारेल म्हणाल्या. अडीच महिन्यांत वजन ७८ वरून ७३ किलो झाले, पण केस मूठमूठ गळतात आणि शेवटच्या पाळीला ७० दिवस झाले आहेत. सासूबाई डिंकाचे लाडू आणि शतावरी कल्प देतात, सोळा सोमवारही धरायला लावले आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, लेट्रोझोल हे कॅन्सरचे औषध आहे, त्यावर सरकारची बंदी आहे. ह्यांची एकही तपासणी झालेली नाही. पुढच्या रविवारी नणंदेच्या बाळाचे बारसे आहे. मी काय खाऊ, कोणाचे ऐकू आणि बारशाला जाऊ का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी एक छोटे काम सांगते. उद्या सकाळी औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भधारणेची चाचणी करून पाहा. पाळी लांबण्याची सवय झालेल्या स्त्रिया ७० दिवसांनाही ‘माझे नेहमीचेच’ म्हणून सोडून देतात आणि कधी कधी ते नेहमीचे नसते. चाचणीत काही आढळले नाही, तर आणखी वाट न पाहता याच आठवड्यात तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. कारण तीन-तीन महिने पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचे अस्तर आतल्या आत जाड होत राहते, आणि हे वर्षानुवर्षे चालू देणे धोक्याचे असते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाची मात्रा किंवा दिवस माझ्याकडून अपेक्षू नका. मात्र तुम्ही पथ्य आणि गोळ्या यांना दोन वेगळ्या रांगांत उभे केले आहे आणि एक रांग संपल्याशिवाय दुसरीत शिरायचे नाही असे ठरवून टाकले आहे, तिथेच माझे तुमच्याशी दुमत आहे. हाच प्रश्न नेदरलँड्समध्ये ५७७ स्त्रियांच्या अभ्यासातून तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या सर्वांना गर्भधारणेत अडचण होती आणि त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते दाखवणारा आकडा) २९ किंवा त्याहून अधिक होता. निम्म्या जणींनी आधी सहा महिने आहार-व्यायाम करून मग उपचार घेतले, उरलेल्यांनी लगेच उपचार सुरू केले. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचे, एकेरी, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २७ टक्के, तर दुसऱ्या गटात ३५ टक्के निघाले. पहिल्या गटात उपचारांशिवाय दिवस गेलेल्या स्त्रिया अधिक होत्या, हेही खरे. त्या सगळ्यांना पीसीओएस नव्हता, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही आहारासाठी उपचार अडवून ठेवल्याने पदरात अधिक काही पडते असे त्यातून दिसत नाही, आणि तुमचे तर १४ महिने आधीच गेले आहेत. पाळी नियमित असलेल्या पस्तिशीच्या आतल्या जोडप्याला वर्षभर थांबायला सांगतात. पाळीच ४०-५० दिवसांनी येत असेल, तर तेवढेही थांबायला सांगत नाहीत.

आता आहाराकडे वळते. ‘सिस्ट’ या शब्दाने उगाच फार भीती पसरवली आहे. सोनोग्राफीत दिसणारे ते काळे ठिपके म्हणजे रोगट गाठी नव्हेत. ती वाढीला लागून मध्येच थबकलेली, काही मिलिमीटरची बीजपुटके, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या पिशव्या असतात. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक तयार करीत राहते. हे जास्तीचे इन्सुलिन बीजांडकोशाकडून पुरुषी संप्रेरके वाजवीपेक्षा अधिक बनवून घेते. शिवाय त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, तेही कमी करते. मग बीजपुटक पूर्ण वाढत नाही, बीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी लांबते. ताटात काय वाढले आहे याचा संबंध या साखळीच्या पहिल्या कडीशी आहे. त्यामुळेच वजन जास्त असलेल्या स्त्रियांचे मूळ वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरले, तरी अनेकींची पाळी मार्गावर येऊ लागते. तुमच्या ७८ किलोंच्या हिशेबाने ही घट चार ते आठ किलो होते, आणि त्यातले पाच किलो तुम्ही उतरवले आहेतच.

पण ज्या रीतीने उतरवले, ती रीत मात्र आजच थांबवा. खाणे एकाएकी फार कमी केले, की शरीराला तो दुष्काळ वाटतो आणि मेंदू बीजांडकोशाकडे जाणारे संदेशच आखडते घेतो. तुमची पाळी ५० दिवसांवरून ७० दिवसांवर जाण्याचे हे एक कारण असू शकते. केसांचेही तेच, झपाट्याने वजन घटल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागणे ही ओळखीची गोष्ट आहे. त्यात शाकाहारी व्यक्तीचे दूध आणि दही काढून घेणे म्हणजे तिच्या बी-१२ चा, कॅल्शियमचा आणि बऱ्याचशा प्रथिनांचा मार्ग बंद करणे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचे बी-१२ मुळातच कमी होऊ शकते, तेव्हा पुढच्या भेटीत बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यायचे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो सिलिअ‍ॅक आजार नसेल, तर पीसीओएससाठी पोळी सोडण्याचे कारण नाही. पीसीओएसविषयीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही अमुकच आहार इतरांपेक्षा सरस आहे असे म्हटलेले नाही. ज्याला जो झेपेल, पुरेल आणि टिकेल, तो संतुलित आहार त्याने घ्यावा, असाच त्यांचा रोख आहे.

तुम्हाला टिकेल तो तुमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरातलाच. वेगळी भांडी, वेगळे पीठ आणि वेगळा डबा घेऊन एकत्र कुटुंबात किती दिवस निभावणार? भाकरी, उसळ, पिठले, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक ही मांडणी पीसीओएससाठी चांगलीच आहे. बिघडले आहे ते तिच्यातले प्रमाण. आपण तीन पोळ्या आणि भाताचा डोंगर घेतो आणि आमटी अशी, की तिच्यात डाळ शोधावी लागते (पुण्यात हे मोठ्याने बोलू नये, पण खरे आहे). हे प्रमाण उलटे करा. एक-दोन पोळ्या किंवा एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी, मूग, चवळी यांची उसळ, तेवढीच भाजी, वर कोशिंबीर आणि दही, आणि शेवटी हवा असेल तर अर्धी वाटी भात. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भात या क्रमाने जेवले, तर रक्तातील साखर सावकाश चढते. न्याहारीचे पोहे सोडू नका. बशी लहान घ्या, त्यात मटार आणि दाणे सढळ घाला आणि सोबत मोड आलेली मटकी किंवा वाटीभर दही ठेवा.

चहाचा हिशेब मात्र कागदावर मांडा. ऑफिसात आणि घरी मिळून दिवसाचे चार कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर आठ चमचे, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या खाण्यापिण्यातली वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. हल्ली जागोजागीच्या अमृततुल्यांत गुळाचा चहा मिळतो आणि तो पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर व्रत केल्याचे समाधान असते, पण इन्सुलिनला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. चार कपांचे दोन करा आणि चमचा अर्धा करा. सोबतची खारी सुटली, तर फारच उत्तम.

व्यायामासाठी जिमचे वर्षाचे पैसे भरण्याची गरज नाही. आठवड्याला १५० मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम एवढे बसवा. तुमच्या घरापासून तळजाईची टेकडी लांब नाही. हिंजवडीहून परतायला रात्र होत असेल, तर शनिवार-रविवारी टेकडी आणि बाकीचे दिवस जेवणानंतर वीस मिनिटे सोसायटीतच चाला.

आता सासूबाई. त्यांचे लाडू मायेचे आहेत याविषयी मला शंका नाही. पण डिंकाचे लाडू आपल्याकडे बाळंतिणीला देतात. त्यांतला गूळ, खारीक, खोबरे आणि तूप हे बाळंतपणात झीज भरून यावी म्हणून असते, आणि तुमची अडचण तर त्या आधीची आहे. त्यांना हेच सांगा, की लाडू मला हवेतच, पण त्यांच्या वेळेला. शतावरी कल्पाच्या डब्यावरचे घटक दोघींनी मिळून वाचा. बहुतेक कल्पांत शतावरीपेक्षा साखरच अधिक असते. कोणतेही आयुर्वेदिक औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. सोमवार सोडा असे मी म्हणणार नाही, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न आहे. मात्र उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेव्हा तुमच्या व्रताच्या नियमात बसत असेल, तर त्या जागी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, ताक आणि एखादे फळ घ्या, आणि दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम जेवणे टाळा.

शेजारच्या काकूंची माहिती अर्धी खरी आहे आणि जुनी आहे. लेट्रोझोल स्तनाच्या कर्करोगासाठी आले, हे खरे. भारतात वंध्यत्वासाठी ते वापरण्यावर २०११ मध्ये बंदी घातली गेली, हेही खरे; ती बंदी २०१७ मध्ये उठली, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले दिसत नाही. पीसीओएसमध्ये बीज सुटावे यासाठी आज प्रथम पसंतीचे औषध तेच मानतात. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झाले, तर त्याच कामाच्या जुन्या क्लोमिफिन या औषधावर १९.१ टक्के स्त्रियांना. हे औषध पाळीच्या सुरुवातीला मोजके पाच दिवस घ्यायचे असते आणि त्यावर डॉक्टरांची देखरेख हवी. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू करायचे का, हे त्याच भेटीत विचारा आणि मधल्या काळात कोणाच्या सांगण्यावरून ते सोडले होते, हे न लाजता सांगा. फॉलिक अ‍ॅसिड चालू नसेल, तर त्याचाही विषय काढा. सर्वसाधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम असते, तुमची ते ठरवतील; ते आधीपासूनच हवे, कारण गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची मूळ नळी पहिल्या चार आठवड्यांतच जुळून बंद होते आणि पाळी उशिरा येणाऱ्या स्त्रीला तोवर दिवस गेल्याची चाहूलही लागलेली नसते. दिवस जाण्यापूर्वी ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणीही उरकून घ्या, कारण पीसीओएसमध्ये गरोदरपणातील मधुमेहाची शक्यता अधिक असते.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य सर्वांत लहान होते : ‘ह्यांची एकही तपासणी झालेली नाही.’ १४ महिन्यांत लाडू, कल्प, सोमवार, गोळ्या आणि पथ्य हे सगळे एकाच व्यक्तीने केले आहे. मूल न होण्यामागे जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत, असते. वीर्य तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, खर्चही तुमच्या एका सोनोग्राफीच्या आसपासच येतो. ती होण्याआधी तुम्ही लेट्रोझोलची पाकिटे संपवत राहण्यात काही अर्थ नाही, आणि तुमचे डॉक्टरही बहुधा हेच सांगतील. सासूबाईंना यात ओढू नका. पतीला थेट सांगा, की पुढच्या भेटीला दोघे जायचे आहे. तंबाखू, सिगारेट असेल तर ती त्यांनीही सोडावी, आणि चहातली साखर दोघांचीही अर्धी व्हावी.

राहिले बारसे. जायचे असेल, तर पाळण्याच्या वेळेला तासभर जा, कुंची-आंगडे द्या, नाव ऐका आणि निघा. ‘आता तुमचा नंबर कधी’ हे कोणीतरी विचारणारच, तेव्हा त्याचे उत्तर तुमच्या पतीने द्यायचे, तुम्ही नाही, हे घरातून निघतानाच ठरवून घ्या. आणि नसेल जावेसे वाटत, तर नणंदेला आदल्या दिवशी स्वतः फोन करून खरे कारण सांगा. ती नुकतीच बाळंतीण झाली आहे; डिंकाचे लाडूही तिच्याकडेच पाठवून द्या.