गावभागातल्या घराचा राडारोडा: ट्रॉली, छोटा हत्ती की डंपर?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गावभागात जुनं घर आहे. मधली एक भिंत पाडायची, दोन खोल्यांची फरशी उखडायची, बाथरूम नव्यानं करायचं. गवंडी म्हणतोय एकच डंपर सांगा, शेजारी म्हणतात एक ट्रॉली पुष्कळ झाली, आणि इंग्लंडमधला भाऊ विचारतोय की आठ घनयार्डाच्या स्किपसारखं (राडारोडा भरायला दारात ठेवून जातात ती मोठी लोखंडी पेटी) आपल्याकडे काही मिळत नाही का. माझं मत ट्रॅक्टरची ट्रॉलीच सांगा, पण खेपा तीन धरा.

घर किती मोठं आहे त्यावरून गाडी ठरवू नका, जे पडणार आहे ते टेपनं मोजा. तुमची भिंत १२ फूट लांब, १० फूट उंच, ९ इंची. म्हणजे ९० घनफूट. पण हे माप उभ्या भिंतीचं झालं. पाडल्यावर तुकड्यांच्या मधे पोकळी राहते आणि माल फुगतो, म्हणून मी नेहमी दीडपट धरतो. म्हणजे १३५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा एकटी भिंतच ब्रासच्या वर गेली. शेजाऱ्यांची एक ट्रॉली इथंच भरली.

फरशीचं गणित सोपं आहे. दोन खोल्या मिळून २४० चौरस फूट, फरशी आणि खालचा थर मिळून तीन इंच, म्हणजे ६० घनफूट, फुगून ९०. शहाबादी असेल तर मात्र पहारीनं हळू काढायला सांगा. बऱ्याच लाद्या अख्ख्या निघतात, मागच्या अंगणात किंवा धुण्याच्या जागी वापरता येतात, आणि तेवढा भार गाडीत जात नाही.

खरा घोटाळा बाथरूममध्ये होतो. पाच बाय सातची खोली बघून सगळे म्हणतात, इथून काय निघणार, चार घमेली! पण चारही भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल असेल तर टाइल आणि मागचा गिलावा मिळून वीसेक घनफूट निघतात. शिवाय बाथरूम वरच्या मजल्यावर असेल तर जमिनीखाली बुडीत स्लॅब असतो आणि त्यात फूटभर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. ते आणखी ३५. एकूण ५५ धरलं तरी फुगून ८० च्या पुढे. तुमचं बाथरूम वर आहे का, तेवढं गवंड्याला विचारून घ्या. खाली असेल तर हा आकडा बराच उतरेल.

सगळं मिळून तीन ब्रास. आता ट्रॉली. फाळक्याच्या (कडेच्या पत्र्याच्या) आतून लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजा, मालकाच्या तोंडी मापावर जाऊ नका. दहा बाय सहा, उंची दोन फूट असेल तर १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासला थोडी कमी. तीन खेपांत काम होतं आणि काठाच्या वर शीग लावायची वेळ येत नाही.

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एससारखा छोटा टेम्पो, स्वस्त वाटतो, पण राडारोड्याला तो घेऊ नका. एक ब्रास विटा-गिलाव्याचा ढिगारा साडेतीन ते चार टन भरतो. छोट्या हत्तीची क्षमता साधारण पाऊण टन. त्याचा हौदा काठोकाठ भरला की माल टनाच्या वर जातो, आणि एवढ्या बोजाला ब्रेक पुरत नाहीत. जुन्या गाद्या, मोडकी कपाटं, दारं-खिडक्या न्यायला तो उत्तम, कारण तिथं जागा लागते, वजन नाही. भावाला हेच सांगा. त्यांच्याकडेही आठ यार्ड म्हणजे दोन ब्रासच्या थोडं वर, आणि माती-विटांसाठी सहसा त्याहून मोठा स्किप देत नाहीत, कारण भरल्यावर तो उचलताच येत नाही. बारा यार्डाचा किंवा मोठा हलक्या सामानासाठी असतो. आपल्याकडे ट्रॅक्टरवाला ट्रॉली सोडून दारात लावून जातो आणि भरल्यावर फोन केला की न्यायला येतो. तोच आपला स्किप.

डंपरला माझा विरोध आहे तो गल्लीमुळे. गावभागातल्या बोळात तो वळणार नाही, कोपऱ्यावर उभा राहील. मग माल घरातून गल्लीत आणि गल्लीतून डंपरपर्यंत, अशी दुहेरी हमाली पडते. हौदा उंच असल्यानं घमेल्यानं भरणंही अवघड, शेवटी जेसीबी बोलवावा लागतो. ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला की माणसं आरामात भरतात.

ठरवताना दर खेपेचा की ब्रासचा ते आधी बोला, हायड्रॉलिक (आपोआप उचलून माल ओतणारी) ट्रॉलीच मागा आणि ती रात्रभर राहणार असेल तर त्याचं वेगळं काही द्यायचं का तेही विचारा. गळीत हंगामात बरेच ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला लागलेले असतात, तेव्हा आठवडाभर आधी सांगून ठेवा. ट्रॉली गटारीवर उभी करू नका, मागे चमकणारी पट्टी लावा, आणि जाताना वर ताडपत्री बांधायला लावा.

माल कुठं टाकणार हे ट्रॅक्टरवाल्याला तोंडावर विचारा. हे मी कळकळीनं सांगतोय. ‘बघतो कुठंतरी’ म्हणाला तर त्याला काम देऊ नका. असा माल रात्री ओढ्यात नाहीतर नदीकाठी जातो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेत. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरायच्या वाटाच आपण विटांनी बुजवल्या तर ते घरातच थांबणार. २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांनीच रस्ता किंवा गटार अडेल असा माल टाकायला मनाई केली होती. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जागा विचारा. नाहीतर ओळखीत कुणाचं जोतं भरायचं असेल तर विटा-काँक्रीटचे तुकडे ते आनंदानं घेतात, फक्त त्यात लाकूड, प्लास्टिक, चिंध्या नकोत. म्हणून पहिल्या दिवसापासून ढीग वेगळे ठेवा. सागवान आणि लोखंड भंगारवाल्याला दाखवल्याशिवाय गाडीत घालू नका. सिमेंटचे जुने पत्रे निघाले तर फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकतं. पाणी मारून अख्खे उतरवा आणि विटांच्या ढिगात मिसळू नका.

गल्लीची रुंदी आणि बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे ते इथं लिहा, म्हणजे खेपांचा आकडा नक्की करून सांगतो.