जुन्या युद्ध आणि वेस्टर्न मालिका परत बघायच्यात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : लहानपणी आम्ही अमेरिकेत होतो तेव्हा बाबांबरोबर 'कॉम्बॅट' बघायचो. आता परत बघायचीय पण १५२ एपिसोड आहेत म्हणे. पहिल्यापासून सुरू करू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अजिबात नको. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या अमेरिकन तुकडीची ही मालिका १९६२ ते १९६७ एबीसी या अमेरिकन चॅनेलवर चालली आणि प्रत्येक एपिसोडची गोष्ट बहुतेक वेळा तिथल्या तिथे संपते, त्यामुळे क्रमाने बघितलंच पाहिजे असं काही नाही. आधी पहिल्या सीझनमधला 'सर्व्हायव्हल' बघा, रॉबर्ट ऑल्टमनने डिरेक्ट केलेला. तुकडीचा सार्जंट सॉन्डर्स (विक मॉरो) याचे हात भाजलेत, तो भ्रमात भटकतोय आणि एका मेलेल्या जर्मन सैनिकाला आपला भाऊ समजून ओढत नेतोय. डायलॉग फार नाहीतच, विक मॉरोचा चेहरा आणि ते भाजलेले हात, बस.

मग चौथ्या सीझनचा दोन भागांचा 'हिल्स आर फॉर हिरोज', हा स्वतः मॉरोनेच डिरेक्ट केलाय. एक टेकडी, तिच्यावर जर्मन बंकर, आणि आपली तुकडी चढतेय, मार खातेय, खाली येतेय, परत चढतेय. शेवटी टेकडी हातात येते आणि लगेच मागे फिरायची ऑर्डर येते!! ही गोष्ट १९६६ मध्ये दाखवली, व्हिएतनाममध्ये अमेरिकन पोरं मरत होती तेव्हा, हे लक्षात ठेवून बघा. माझ्या मते टीव्हीवर युद्धाबद्दल इतकं खरं फार कमी वेळा दाखवलं गेलंय.

अजून एक, जर्मन सैनिक जर्मनच बोलतात, खाली सबटायटल नाही. सॉन्डर्सच्या माणसांना जेवढं कळत नाही तेवढंच आपल्यालाही कळत नाही, म्हणून झाडीमागून नुसता आवाज आला तरी छातीत धस्स होतं.

प्रश्न : 'गनस्मोक' सासऱ्यांना फार आवडते, त्यांच्यासोबत बघायला बसते पण मला सगळं एकसारखंच वाटतं, शेरीफ आला गोळी मारली संपलं. मी काय मिस करतेय? (वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, आधी एक सांगते, मालिकेचा हिरो मॅट डिलन शेरीफ (स्थानिक पोलीसप्रमुख) नाही, मार्शल (केंद्र सरकारचा कायदा-अधिकारी) आहे, कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा. सासऱ्यांसमोर शेरीफ म्हणू नका :) १९५५ ते १९७५, वीस सीझन, ६३५ एपिसोड, तेव्हा सगळेच चांगले असणार नाहीत हे उघड आहे. १९६१ पर्यंतचे अर्ध्या तासाचे बघा. पहिल्याच एपिसोडमध्ये डॅन ग्रॅट नावाचा माणूस मॅटला गोळी घालतो आणि हिरो पडतो! मग बरा होताना मॅट विचार करत बसतो की हा माणूस गोळी घालायच्या आधी नेहमी अगदी जवळ का येतो. दुसऱ्यांदा समोर येतो तेव्हा मॅट अंतर राखतो, आणि तिथेच निकाल लागतो. म्हणजे नुसता हात फास्ट असून भागत नाही, समोरच्याला नीट बघावं लागतं.

आणि मॅट चालताना जरा लक्ष द्या. मॅटचं काम करणाऱ्या जेम्स आर्नेसला दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये इटलीत आन्झिओला पायाला जबर जखम झाली होती, तो पाय त्याला आयुष्यभर त्रास देत राहिला. हे कळल्यावर गोळी लागलेल्या माणसाजवळ तो जाऊन उभा राहतो ते सीन मला तरी वेगळेच दिसायला लागले. आता सासऱ्यांना विचारा त्यांचा आवडता एपिसोड कुठला, दोघं मिळून तोच लावा.

प्रश्न : रंगीत बघू की ब्लॅक अँड व्हाइट? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही मालिकांचं ब्लॅक अँड व्हाइट, विचारच करू नका. दोन्ही १९६६ मध्ये रंगीत झाल्या, आणि 'कॉम्बॅट'चा चिखल, धूर, पडकी घरं रंगात तेवढी अंगावर येत नाहीत. मात्र कुठेही बघा, आधी वेळ तपासा. तासाच्या स्लॉटमधला त्या काळचा एपिसोड साधारण ५० मिनिटांचा असायचा, ४५ च्या आतबाहेर दिसला तर जाहिरातींसाठी कापलेला असायची शक्यता जास्त, आणि कात्री बहुतेक शांत सीनवरच चालते. चित्रही चौकोनीच ठेवा, स्क्रीन भरायला ताणलं की माणसं जाडी दिसतात आणि झूम केलं तर हेल्मेटं कापली जातात.