काचेची मार्की घालताय? आधी ऊन मोजा

प्रश्न: दुपारचा कार्यक्रम आहे, ३०० पाहुणे, लॉनवर २० बाय ३० मीटरची मार्की, म्हणजे फ्रेमवर उभा केलेला तात्पुरता मोठा तंबू. क्लायंटला भिंतींसोबत छप्परही काचेचंच हवंय, ‘आकाश दिसलं पाहिजे’ एवढा एकच हट्ट. एसी वाढवला तर जमेल ना?

उत्तर: जमेल हो, पण एसीचा आकडा ऐकला की क्लायंट स्वतःच छप्पर बदला म्हणेल. ढोबळ हिशोब करू. निरभ्र दुपारी ऊन चौरस मीटरला १००० वॉटच्या आसपास असतं, साध्या काचेतून त्यातले ७०० तरी आत येतात असं धरा, छप्पर ६०० चौरस मीटर, म्हणजे झाले ४२० किलोवॉट. एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे नुसत्या छपरातल्या उन्हासाठी १२० टन! आणि माणसं? बसलेला माणूस जेमतेम १०० वॉट उष्णता सोडतो, ३०० जणांचे मिळून ३० किलोवॉट. सगळे पाहुण्यांची संख्या विचारत बसतात आणि खरा पाहुणा डोक्यावर तळपत असतो.

आतून झालर लावू, पडदे सोडू असं कुणी सुचवेल. दिसायला छान, पण ऊन एकदा काचेच्या आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता आतच राहते, कारण काच ऊन आत सोडते पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता तशी बाहेर जाऊ देत नाही. सावली करायची तर ती काचेच्या बाहेरून.

वजनाचंही बघा. मार्कीच्या छपराचं पीव्हीसी कापड चौरस मीटरला ८५० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे तुमचं अख्खं छप्पर अर्ध्या टनात. काचेचं वजन दर मिलीमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, १० मिलीमीटर काच घातली तर तेच छप्पर १५ टन. मग फ्रेम वेगळी, पाया वेगळा, क्रेन वेगळी, आणि तुम्ही एका दिवसाचा मांडव नाही, इमारतच बांधताय. 

माझं मत स्पष्ट आहे: दिवसाच्या कार्यक्रमाला छप्पर अपारदर्शक ठेवा आणि काच भिंतींना द्या. बसलेला माणूस वर बघत नाही हो, समोर बघतो, बाग, पाणी, डोंगर जे काही असेल ते त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच असतं. फक्त पश्चिमेची बाजू सांभाळा, दुपारनंतर ऊन तिरपं येतं आणि पुढे काढलेली वळचण तिथे काही कामाची नसते, त्या बाजूला बार, स्टेज, सर्व्हिस काहीतरी टाका आणि भिंत बंद करा.

प्रश्न: जागा फरशीची आहे, खुंट्या ठोकायला परवानगी नाही. काचेच्या भिंती एवढ्या जड असतात तर त्यांच्याच वजनावर मार्की उभी राहणार नाही का?

उत्तर: नाही! हा गैरसमज बराच पसरलाय. काचेचे पॅनल दोन खांबांच्या मधे नुसते उभे असतात, त्यांचं वजन खाली फ्लोअरवर जातं, छपराला ते धरून ठेवत नाहीत. आणि वारा छपराला वर खेचतो, ते बरेच जण विसरतात.

ताशी १०० किलोमीटरचा वारा, म्हणजे सेकंदाला २८ मीटर, चौरस मीटरला सुमारे ५० किलोचा दाब देतो. तुमची भिंत ३० मीटर लांब आणि ४ मीटर उंच असेल तर १२० चौरस मीटर, गुणा ५०, झाले ६ टन, एकाच बाजूने. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ‘थोडा जास्तच वारा आहे’ या वाक्यात थोडं काही नसतं. खुंट्या नसतील तर काँक्रीटचे ब्लॉक किंवा पाण्याच्या टाक्या लागतील, पण एक टनाचा ब्लॉक म्हणजे एक टनाची पकड असं समजू नका, गुळगुळीत फरशीवर तो त्याच्या निम्म्याहून कमी जोरानेही सरकू शकतो, खाली रबर मॅट घाला. नेमकं किती वजन कुठे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, युरोपात तंबूंसाठी ईएन १३७८२ हे मानकच आहे, सप्लायरकडे त्या हिशोबाचे कागद मागायला लाजू नका.

आणि वाऱ्याच्या बाजूचं मोठं दार उघडं ठेवायचं नाही. वारा आत शिरला की आतून छपराला ढकलतो आणि बाहेरून खेचतो, दोन्ही एकाच दिशेने, वर. वारा कितीला पोचला की पाहुण्यांना बाहेर काढायचं तो आकडा आधीच ठरवा, आणि तो निर्णय कोणाचा हेही, नाहीतर ऐनवेळी सगळे एकमेकांकडे बघत राहतात.

प्रश्न: काच टफन्ड (तापवून कडक केलेली) घ्यावी की लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली)?

उत्तर: भिंतीला टफन्ड चालते, फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात. डोक्यावर कुठेही काच असेल तर लॅमिनेटेडच, कारण तिच्यातला थर तुकडे धरून ठेवतो. टफन्ड काच साईटवर कापता किंवा ड्रिल करता येत नाही, मोजमाप आधीच पक्कं हवं आणि एखाद-दोन पॅनल जास्तीचे आणायला हवेत. काच कधीही थेट फरशीवर टेकवू नका, लाकडी पट्टी किंवा रबर ठेवा. तिची कड हीच नाजूक जागा, कोपऱ्याला बारीकसा टोला बसला तरी अख्खं पॅनल क्षणात चुरा. आणि फ्लोअर लेव्हलमध्ये हवा, खांब थोडा कलला तरी पॅनल अडकतं, मग कोणीतरी ते ठोकून बसवायला जातं.

प्रश्न: रात्रीच्या इव्हेंटला बाहेरची बाग दिसावी म्हणून काच घेतली, पण ट्रायलला काचेत आपणच दिसत होतो. आवाजही घुमत होता. काय करू?

उत्तर: आत लख्ख उजेड आणि बाहेर अंधार असला की काचेचा आरसा होतो, यात काचेचा दोष नाही. आतले दिवे डिमरवर टाका आणि खर्च बाहेर करा: झाडांच्या बुंध्याशी, हिरवळीच्या कडेला, दूरच्या भिंतीवर उजेड पाडा. आतले फोकस काचेकडे वळलेले नसावेत. आवाजाचं कारण समोरासमोरच्या दोन काचा, आवाज त्यांच्यात टोलवला जातो. कार्पेट घाला, छपराला आतून कापडी अस्तर लावा, एका बाजूला जाड पडदे, आणि स्पीकर काचेवर रोखू नका.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी: थंड रात्री माणसांच्या श्वासाची वाफ एकेरी काचेवर जमते आणि दृश्य जातं. काचेच्या पायथ्याशी हळू गरम हवा सोडा आणि आतली दमट हवा बाहेर काढायची सोय ठेवा. दारांच्या शेजारच्या काचांवर डोळ्यांच्या उंचीला काहीतरी चिकटवा, स्वच्छ पुसलेली काच दिसत नाही आणि माणसं सरळ तिच्यावर जाऊन आदळतात.